वाटाण्याचा धडा

शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही फुलदाणीच काढली. चलच्चित्राचा धडा आखायला मिळाला, तर मी वाटाणा पेरून सुरुवात करीन. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोज एक चित्र कॅमेऱ्याने टिपले. महिन्याहून अधिक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली आणि त्यांना भांडवल मिळाले.

मुलांनी रोजचा कोंब वहीच्या कोपऱ्यात, एकाच जागी काढावा. तीस पाने भरभर सोडली की तो उठतो! आमचे घर शेतकऱ्याचे. पण कोंबाची चाल मला अशा वहीतच प्रथम दिसली. मधले दिवस चुकले तर कोंब उडी मारतो. चूक मुलालाच कळते.

गोष्ट त्यानंतर. चार चौकटी द्याव्यात. बकरी दुसरीत आणावी की तिसरीत, यावर वर्गात भांडण होणारच.