घर घेताना काटकसर म्हणजे नेमकं काय?



मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'गरज' आणि 'हाव' यांच्यातली रेषा शोधत होतो. त्यानंतर अनेकांनी सुचवलं की, हा विचार एखाद्या रोकड्या व्यवहाराला लावून दाखवा. म्हणून आज घर हा विषय घेतला आहे. घर मुंबई आणि आसपासच्या परिसरातलं, आणि घेणारा बेताच्या पगाराचा. 'घर पाहावं बांधून' असं आपली म्हण सांगते. आता बांधणारे थोडे आणि विकत घेणारे फार, पण म्हणीतला दम काही कमी झालेला नाही.

सुरुवात एका जुन्या भेदापासून करू. अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात जोड्याचं उदाहरण दिलं आहे. जोड्याचे उपयोग दोन: एक पायात घालणं, दुसरा तो देऊन बदल्यात काही घेणं. दोन्ही उपयोग जोड्याचेच, पण जोडा शिवला जातो तो पहिल्यासाठी. घराचंही तसंच आहे. त्यात राहता येतं आणि ते विकताही येतं. गोंधळ होतो तो असा, की आपण राहण्यासाठी घर घ्यायला निघतो आणि हिशेब मात्र विकण्याचा करतो. 'पाच वर्षांत भाव दुप्पट होईल' असं कुणी म्हणालं की आपण ऐपतीपलीकडे ताणतो. बरं, झाला भाव दुप्पट! एकुलतं एक राहतं घर विकून जाणार कुठे? शेजारच्या घराचाही भाव तितकाच चढलेला असतो. म्हणून पहिली पायरी ही: आपण जोडा घालायला घेतोय की विकायला, हे ठरवा. पुढची सगळी काटकसर यावर अवलंबून आहे.

आता आकडे मांडू. समजा मुंबईच्या महापालिका हद्दीत एक जुनं, तयार घर ६० लाखांना मिळतंय. या किमतीला बँक साधारण ८० टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज देईल. उरलेले १२ लाख आपले. मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार. खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ६० हजार वाचतात. दलाली, रंगरंगोटी, सामान हलवणं धरलं की हातात १७ लाख तरी हवेत. आणि कर्ज? साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे ४१,६५५ रुपये. दर तोच राहिला तर २० वर्षांत एकूण फेड जवळपास १ कोटी. म्हणजे ६० लाखांचं घर शेवटी १ कोटी १७ लाखांना पडलं.

हाच हिशेब १५ वर्षांचा करून बघा. हप्ता सुमारे ४७,२७० होतो, म्हणजे महिन्याला साडेपाच-सहा हजार जास्त. पण एकूण फेडीत जवळपास १५ लाख वाचतात. १५ वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर २० वर्षांचं कर्ज घ्या आणि बोनस, थकबाकी मिळेल तशी मुद्दल फेडत जा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

इथे एक चिठ्ठी आली आहे: 'भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणंच नाही का?' प्रश्न चांगला आहे, आणि हीच भीती माणसाला घाईत घर घ्यायला लावते. आपल्या उदाहरणातला पहिला हप्ता उघडून बघू. ४१,६५५ पैकी ३४,००० निव्वळ व्याज आहे. मुद्दल फिटते ती साडेसात हजारांच्या आसपास. व्याज म्हणजे तरी काय? दुसऱ्याचा पैसा वापरल्याचं भाडंच ना? घरमालकाला भाडं दिलं तर पाण्यात आणि बँकेला दिलं तर पुण्यात, असं तर्काला धरून म्हणता येत नाही. तशाच घराचं भाडं १५-१८ हजार असेल आणि उरलेली रक्कम तुम्ही खरोखरच बाजूला टाकत असाल, तर आणखी काही वर्षं भाड्याने राहणं हा शहाणपणा ठरू शकतो. मात्र 'खरोखरच' हा शब्द विसरू नका. ज्यांच्या हातून एरवी शिल्लक पडत नाही, त्यांना हप्ता शिस्त लावतो. शिवाय दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावं लागेल का, मुलांची शाळा सुटेल का, या धास्तीलाही किंमत आहे. ती ज्याची त्याने ठरवायची.

मग कापायचं कुठे? जे वापराला लागत नाही तिथे. पोहण्याचा तलाव, क्लबहाउस, चकाचक प्रवेशद्वार यांचे पैसे किमतीत एकदा आणि देखभाल खर्चात दर महिन्याला जातात. तुलना नेहमी कार्पेट एरियावर करा. सुपर बिल्टअपचे चौरस फूट म्हणजे त्यात जिना, लॉबी सगळं आलं. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर नाही. जुन्या घराला एवढा तरी फायदा आहेच.

आणि तीन ठिकाणी अजिबात कापू नका.

पहिलं, कागद. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी जुळते का? सोसायटीचा भाग-दाखला, येणे बाकी नसल्याचं पत्र, जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय की नाही, हे विचारा. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. वकिलाची फी वाचवणं ही काटकसर नव्हे. नवं घर असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासा, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. घेणं बिल्डरला कायद्याने मनाच आहे.

दुसरं, वेळ. स्वस्त म्हणून बदलापूर-विरार गाठलं आणि येण्याजाण्यात रोज तीन तास गेले, तर वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत ७५० तास होतात. म्हणजे दरवर्षी अख्खा एक महिना, रात्रंदिवस, लोकलमध्ये उभा. कुणाला तो परवडतो, कुणाला नाही. पण किमतीत धरा तरी!

तिसरं, गंगाजळी. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च हातात ठेवून मगच उरलेल्यातून घर घ्या. आजारपण हप्त्याची तारीख बघून येत नाही.

जाता जाता एक आठवण. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबईतल्या या अगदी सुरुवातीच्या संस्थांमागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांची खटपट होती. एकट्याच्या पगारात न बसणारं घर अनेकांनी मिळून उभं केलं. आज भाग-दाखला हातात घेताना आपण त्याच कल्पनेचे वारस असतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा भिंतींबरोबर सोसायटीही बघा. वार्षिक सभा वेळेवर होते का, हिशेब तपासलेले असतात का, पाण्याची टाकी कोण बघतं. त्या भिंतींत आपण आणि आपली माणसं राहणार आहेत, आणि शेजारी ही तर उपयोगातलीच गोष्ट आहे.

पुढच्या व्याख्यानात 'ऋण' या कल्पनेकडे वळू. आज इथे थांबतो.