अंबर, जौहर, याकूत: नावांमागे हरवलेले बाप

पुण्याच्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचे धावपटू जिंकतात, तेव्हा त्यांचे दुसरे नाव आपण आडनाव म्हणून वाचतो. ते बहुधा वडिलांचे असते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकलेले अबेबे बिकिला म्हणजे बिकिलांचे पुत्र अबेबे. आपल्या जुन्या कागदांतले ‘शहाजी बिन मालोजी’ याच जातीचे. एवढे ध्यानात घेऊन दख्खनच्या इतिहासातली हबशी, म्हणजे इथिओपियाकडून आलेल्या माणसांची, नावे पुन्हा वाचावीत. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, १६८९ मध्ये मुंबईवर चालून गेलेला सिद्दी याकूत, शिवरायांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल आणि या सगळ्यांच्या आधीचा मलिक अंबर. रत्न, माणिक, चंद्रकोर, सुगंध. यांतल्या कुणाच्याही नावापुढे बापाचे नाव येत नाही. माझ्या मते अशी नावे बहुतांशी गुलामांच्या बाजाराने दिलेली आहेत आणि ती वंशाची खूण म्हणून वाचणे चूक आहे.

सर्वांत ठळक पुरावा मलिक अंबरचाच. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू होते. तो विकला गेला, अरबस्तानात हातोहात फिरला आणि बगदादच्या मीर कासिम या मालकाने त्याला अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही एके काळचा हबशी गुलाम. कुणी म्हणेल, अरबी मुलखात स्वतंत्र माणसेही अशी नावे ठेवत. ठेवत असतील, पण अंबरच्या घरात पाहा. निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेल्या या माणसाने मुलाचे नाव ठेवले फत्तेखान. सत्ता हाती आल्यावर अत्तराचे नाव पुढच्या पिढीत उतरले नाही. त्याच काळात जंजिऱ्यावरही एक सिद्दी अंबर होता, तो १६४२ पर्यंत जगला आणि पुढे तिथेही एक फत्तेखान झाला. नावे जुळतात म्हणून जंजिऱ्याचे सिद्दी मलिक अंबरचे वंशज ठरत नाहीत. ‘सिद्दी’ हेही एका घराण्याचे आडनाव नव्हे.

मग त्याला चापू म्हणावे काय? गुलामीतले नाव पुसून टाकावे, हा आग्रह मला समजतो, पण पटत नाही. १६१० मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहर वसवले, त्याला नहरीचे पाणी दिले, १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला, ते अंबर या नावाने. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. जमिनीची पाहणी करून त्याने लावलेली साऱ्याची पद्धत पुणे प्रांतातही पोचली आणि मराठी दप्तरात ती ‘मलिकंबरी’ म्हणून नोंदली गेली. मालकाने ठेवलेले नाव त्याने आपल्या कर्तृत्वाने स्वतःचे करून घेतले. ते काढून घेण्याचा अधिकार आज आपल्याला नाही. चरित्राच्या पहिल्या पानावर मात्र चापू हे नाव आणि ते कसे गेले याची हकिकत ठसठशीत यायला हवी, कारण शाळेत आपण त्याची ओळख थेट निजामशाहीच्या दरबारापासून करून घेतो आणि विकला गेलेला मुलगा बाहेरच राहतो.