ठिणगीची वेळ आणि झडपांची वेळ

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये रस्त्यावर आली, पुढे ती ओमनी या नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसनांखालीच असल्यामुळे त्याची थरथर चालकाच्या अंगापर्यंत थेट पोहोचते. त्यातील काही थरथर हा दोष नव्हे, कारण तीन सिलिंडरांच्या रचनेत इंजिनाची पुढची आणि मागची टोके आळीपाळीने उचलली जाऊ पाहतात, आणि हा हेलकावा शोषण्यासाठीच त्याखाली रबरी बैठका असतात, ज्यांना गॅरेजात ‘फाउंडेशन’ म्हणतात. हे रबर कडक झाले किंवा फाटले, की निरोगी इंजिनही आजारी भासू लागते.

म्हणून हादऱ्याची जात आधी ओळखावी लागते. उभ्या गाडीत इंजिनाची गती वाढवताच हादरा बदलत असेल तर त्याचे मूळ इंजिनात किंवा बैठकांत असते. परंतु तो केवळ धावत्या गाडीत, ठरावीक वेगाला येत असेल, तर चाके आणि मागच्या चाकांकडे फेरे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट तपासावा. तिसरा प्रकार ‘मिसिंग’चा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलनच न होण्याचा. मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आयडलिंगला प्रत्येक सिलिंडरची पाळी सेकंदाला साडेसात वेळा येते, त्यामुळे एक सिलिंडर बंद पडल्यास सेकंदाला सात-आठ संथ, ठळक झटके हाताला सहज जाणवतात.

एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेल्या तारकर्लीच्या चिंचोळ्या पट्टीत या मिसिंगचा पहिला संशय खाऱ्या, दमट हवेवर घ्यावा. कार्ब्युरेटरच्या जुन्या व्हॅनमध्ये प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरली, तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटते. सकाळी अडखळणारे इंजिन तापल्यावर सुरळीत होते, ही त्याची मोठी खूण. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तरीही लक्षणे टायमिंग बिघडल्यासारखीच दिसतात, आणि अशा वेळी टायमिंगला हात लावणे म्हणजे एका दोषात दुसऱ्याची भर घालणे होय.

टायमिंग दोन असतात, आणि सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. इंधन जळायला वेळ लागत असल्याने ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते. मिनिटाला ३००० फेऱ्यांना क्रँकशाफ्ट एका सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो, यावरून या अचूकतेची कल्पना यावी. ठिणगी फार लवकर पडल्यास चढावर खडखडाट, म्हणजे ‘नॉकिंग’, ऐकू येते; उशिरा पडल्यास पिकअप जातो आणि इंजिन तापते. दुसरे टायमिंग झडपांचे. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट दातेरी टायमिंग बेल्टने क्रँकशाफ्टशी जोडलेला असून त्याच्या निम्म्या गतीने फिरतो, आणि या इंजिनात डिस्ट्रिब्युटरही कॅमशाफ्टवरच चालतो. त्यामुळे जुना, सैल बेल्ट एक दात घसरला की दोन्ही टायमिंगे एकदम चुकतात. मग डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीची खूण जुळवली, तर टायमिंग लाइट सारे ठीक दाखवतो, पण झडपा चुकीच्या वेळीच उघडत राहतात आणि गाडी ओढत नाही.

डिस्ट्रिब्युटर त्याच्या खाचेच्या टोकापर्यंत फिरवावा लागत असेल, तर तिथेच थांबून बेल्टचे झाकण उघडावे. तेलाने भिजलेला किंवा तडे गेलेला बेल्ट त्याच्या ताण देणाऱ्या बेअरिंगसह बदलावा, दोन्ही चक्रांवरील खुणा जुळवाव्यात, क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून त्या पुन्हा पाहाव्यात, आणि त्यानंतरच ठिणगीच्या वेळेकडे वळावे.