हात गळ्यात, कामे शहरात
एका निवृत्त कर्मचाऱ्याची गंगापूर रोडची फेरी



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या या पत्रात ऊसतोड, उतारा आणि पहिली उचल यांचीच चर्चा असते, आणि ती असायलाच हवी. परंतु कारखाना ज्या हातांवर उभा राहिला, त्यांतले कितीतरी हात आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. अशाच एका हाताची ही हकिकत आहे. हात आमचाच.

आम्ही कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस हंगाम काढले. भरलेली गाडी, रिकामी गाडी, पावती आणि खाली आमची सही. निवृत्तीनंतर गिरणारे शिवारात थोडा ऊस आणि थोडा भाजीपाला करतो. दसऱ्यानंतर एका रात्री लाईट आली म्हणून उसाला पाणी द्यायला गेलो आणि चारीवरून पाय सटकला. पडताना माणूस हात टेकतो. आम्हीही उजवा हात टेकला. मनगटात कट्‌ असा आवाज झाला.

पहिली चूक आमचीच

रात्री कोठे जायचे म्हणून घरीच तेल-हळद चोळली आणि वर फडके करकचून आवळले. सकाळी बोटे वांग्यासारखी सुजलेली आणि निळसर. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी फडके आधी कापून टाकले. म्हणाले, "आप्पा, हाड मोडले ते एक वेळ जुळेल. पण आवळून रक्त थांबले असते तर बोटे गेली असती." मोडलेल्या हाताला चोळू नये, आवळू नये. खाली वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पट्टी ठेवून सैल बांधावे, हात गळ्यात अडकवावा आणि दवाखाना गाठावा. हे आम्ही बहात्तराव्या वर्षी शिकलो. तुम्ही आधीच शिकून ठेवा.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ मोडणारे हे हाड जगभर असेच मोडते. आयर्लंडचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली त्याचे वर्णन लिहिले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे फोटो काढायची सोय नसताना, नुसत्या हाताने चाचपून त्यांनी ते ओळखले. आम्हांला बरे वाटले. मोडले ते निदान प्रतिष्ठित हाड होते!

एक तिकीट, दोन माणसे

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो काढायचा दिवस आला. त्याच दिवसासाठी तीन कामे नेमली होती. एक, प्लास्टर काढणे. दोन, बँकेतून पैसे काढणे, कारण नातवाची परीक्षेची फी भरायचा तो शेवटचा दिवस होता. तीन, पेन्शनचा हयातीचा दाखला. त्याची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि दाखला नाही गेला तर पेन्शन थांबते. आमची पेन्शन काही मोठी नाही. १९९५ च्या योजनेतली ती, जिची किमान रक्कम २०१४ साली १,००० रुपये ठरली. पण औषधाला ती पुरते, आणि स्वतःच्या औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागत नाही, हे तिचे खरे मोल.

आम्ही म्हणालो, एकटा जाऊन येतो. मंडळी म्हणाल्या, "अहो, शर्टाची गुंडी लावायला मी लागते, आणि निघाले एकटे!" दोघेही निघालो. एस.टी.ची पायरी उंच. वाहकाने वरून डावा हात धरला, मंडळींनी मागून आधार दिला, आणि आम्ही पोत्यासारखे गाडीत चढलो. ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे. दोघांचे मिळून एक तिकीट झाले. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत झाला. मंडळी म्हणाल्या, "आणखी तीन वर्षे धीर धरा, पुढचे हाड फुकटात मोडायला जाल."

गाडी गंगापूर गावावरून खाली उतरते. सोमेश्वर, आनंदवल्ली, मग जेहान सर्कल, प्रसाद सर्कल, विद्याविकास सर्कल अशी नावे येतात. आमच्या आठवणीत या रस्त्याच्या कडेला मळे आणि द्राक्षबागा होत्या. आता दोन्ही बाजूंना इमारती आणि दवाखान्यांच्या पाट्या. रस्त्याचे नाव मात्र गावाचेच राहिले आहे. त्या गावाजवळच्या धरणातूनच नाशिक पाणी पिते.

प्लास्टर निघाले, हात नाही आला

दवाखान्यात छोट्या चक्रीच्या करवतीने प्लास्टर कापले. आवाज ऐकून डोळे मिटले, पण ती नुसती थरथरते, कातडी कापत नाही. आत निघाला तो हात आमचा वाटेना. बारीक झालेला, कोंडा धरलेला, मनगटात लाकडासारखा. आमची समजूत अशी, की प्लास्टर निघाले म्हणजे हात परत आला. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळले. हात आता तुम्ही आणायचा." कोमट पाण्यात बोटे उघडायची-मिटायची, चेंडू दाबायचा, मनगट हळूहळू वळवायचे. दिवसातून अनेकदा. वजन उचलायचे नाही. पकड पूर्ववत यायला काही महिने लागतात.

आम्ही मान डोलावली आणि ऐटीत बँकेत गेलो. तिथे ऐट उतरली.

पैसे काढायच्या फॉर्मवर सही केली. पेन बोटांतून निसटले. दुसऱ्यांदा केली ती पावसात भिजलेल्या अक्षरासारखी. खिडकीवरील मुलाने संगणकातील सही पाहिली, आमची पाहिली, आणि फॉर्म परत सरकवला. "बाबा, सही जुळत नाही." तिसराही फॉर्म परत आला. मागे रांग. कोणी तरी म्हणाले, "अंगठा घ्या ना बाबांचा."

बंधूंनो, ते शब्द आम्हांला मनगटापेक्षा जास्त लागले. काट्यावर असताना गाडीवान अंगठा पुढे करायचे. आम्ही त्यांना बसवून जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर नाव गिरवायला लावायचो. "शाईचे बोट पुसा आणि सही शिका," असे शेकडो वेळा म्हटले असेल. आणि आज आमचाच अंगठा!

शेवटी एक अधिकारी बाई उठून आल्या. त्यांनी खुर्ची दिली आणि नियम समजावून सांगितला. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हाताचा किंवा पायाचाही अंगठा चालतो. मात्र बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. एक साक्षीदार त्या स्वतः झाल्या. दुसरा कोण? रांगेतून एक मध्यमवयीन बागायतदार पुढे आले. तेही तिथलेच खातेदार. म्हणाले, "आप्पा, तुमच्या काट्यावर आमचे वडील गाडी आणायचे. मी करतो सही."

डाव्या अंगठ्याला शाई लावली. खाली त्या दोघांच्या सह्या झाल्या. पैसे हातात आले. बागायतदारांना आम्ही विचारले, वडील सही करायचे की अंगठा? ते हसले. "शेवटपर्यंत सही. जरा वाकडी असायची." मग आम्हांला त्या शाईचे काही वाटेनासे झाले.

डोळे मिचकावा

हयातीच्या दाखल्याचे मात्र अडले. यंत्रावर उजवे बोट सपाट टेकेना, आणि डाव्या बोटांच्या रेषा वयाने व मातीकामाने झिजलेल्या. यंत्राने पाचदा नाकारले. आम्ही समोर उभे, आणि जिवंत असल्याचा पुरावा नाही!

तेथून महाविद्यालयाकडे गेलो. हा सगळा आवार मराठा विद्या प्रसारक समाजाचा, खेड्यांतल्या पोरांना शिकता यावे म्हणून १९१४ साली उभ्या राहिलेल्या संस्थेचा. नातू फी भरून आला आणि आमचे तोंड पाहून म्हणाला, "आजोबा, बोट कशाला पाहिजे? चेहरा चालतो." 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, बँक खाते आणि मोबाईल एवढे जवळ असले की झाले. झाडाखालच्या कट्ट्यावर बसवून त्याने मोबाईल समोर धरला. "आता डोळे मिचकावा." भर रस्त्यात, मंडळींच्या देखत, आम्ही डोळे मिचकावले. थोड्याच वेळात प्रमाण क्रमांकाचा संदेश आला. सरकारदरबारी आम्ही जिवंत झालो. मंडळी म्हणाल्या, "मला तर सकाळपासूनच माहीत होते."

मग तिघांनी मिसळ खाल्ली. आम्ही डाव्या हाताने चमच्याने. पाव मंडळींनी तोडून दिला. संध्याकाळच्या गाडीने गावी परतलो.

सभासदांना एवढेच सांगणे

ज्यांची पेन्शन १९९५ च्या योजनेतली आहे, त्यांनी नोव्हेंबरची वाट पाहू नये. दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. म्हणून तो तब्येत धडधाकट असतानाच द्यावा. सत्तरीच्या पुढच्या व आजारी खातेदारांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितले आहे. आपल्या शाखेत जरूर विचारावे. रात्री पाणी भरायला जाताना बॅटरी आणि काठी घ्यावी, आणि साठीपुढच्याने एकटे जाऊच नये. शहरातही एकटे जाऊ नये. कोणी हात पुढे केला तर धरावा. आम्ही त्या एका दिवसात वाहकाचा, मंडळींचा, बाईंचा, बागायतदाराचा आणि नातवाचा असे पाच जणांचे हात धरले. त्याने आमचे काही कमी झाले नाही.

घरी जुन्या पावत्यांचा एक गठ्ठा अजून आहे. रोज सकाळी कोमट पाण्यातून हात काढला की एका पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही दहा वेळा सही गिरवतो. डॉक्टर म्हणतात, व्यायाम चांगला आहे. परवाची सही बरी आली. जरा वाकडी आहे.