१७ सप्टेंबर : एक तारीख, किती घडामोडी!

आमच्या चौसाळ्यात झेंडावंदन वर्षातून तीनदाच नाही, चारदा होतं. चौथं १७ सप्टेंबरचं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, पण बीडसकट सगळा मराठवाडा हैदराबादच्या निजामाकडेच राहिला, आणखी तेरा महिने. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात घुसल्या. एक मोठी तुकडी सोलापूरकडून आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. १७ तारखेला संस्थानच्या लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. गंमत म्हणजे निजामाचे सेनापती एल एद्रूस यांची रीतसर शरणागती १८ ची! तरी दिवस पाळतो तो १७ चाच, आणि मला ते पटतं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांची दहशत मोडली ती त्या संध्याकाळी.

नेमक्या त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याआधी १७८७ मध्ये याच तारखेला फिलाडेल्फियात अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या.

वाढदिवसांचं तर विचारूच नका. पेरियार (१८७९) आणि प्रबोधनकार ठाकरे (१८८५), दोघेही भटशाहीवर तुटून पडणारे, एकाच तारखेचे! शिवाय ‘अमर चित्र कथा’वाले अनंत पै, १९२९ चे.

तुमच्या गावात १७ तारखेला प्रभातफेरी निघते का? कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.