पोटगी आणि मिळकतीचे सत्यकथन

पोटगीचा दावा म्हटला की पतिपत्नींच्या भांडणाचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः न्यायासनापुढील प्रश्न पुष्कळ अंशी जमाखर्चाचा असतो. पतीची मिळकत किती, पत्नीची किती, मुलांना लागते किती, हे कळल्यावाचून रक्कम ठरविता येत नाही. आणि नेमके हेच आकडे दडविले जातात. भर पेठेत दुकान असणारा गृहस्थ न्यायालयात ‘मी भावाच्या दुकानात नोकर आहे’ असे सांगतो. पत्नीही कधी शिकवण्यांचे उत्पन्न गाळते आणि गरजांचा आकडा फुगविते. मग न्यायाधीशाने अंदाजावर निकाल द्यायचा, आणि तो अंदाज चुकला तर मुलाची फी थकायची!

१९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या २४ व्या कलमान्वये दावा चालू असता, आणि २५ व्या कलमान्वये कायमची पोटगी मागता येते. ही कलमे पतीलाही खुली आहेत. १९७३ च्या फौजदारी संहितेतील १२५ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे झाले. परंतु मिळकतीची माहिती कोणत्या नमुन्यात द्यावी, हे या कलमांत सांगितलेले नाही.

ही उणीव एका प्रकरणाने भरून निघाली, आणि ते आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेले होते. पत्नीने २०१३ साली अर्ज केला. २०१५ साली तिला दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल देताना साऱ्या देशासाठी नियम घालून दिले.

त्यांचे सार असे. उभय पक्षांनी आपली मिळकत आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करावे. त्यात पगार वा धंद्याचे उत्पन्न, बँकेतील खाती, दागिने, घरदार, कर्जे, अवलंबून असणारी माणसे, सर्व यावे. विवाहानंतर एखादी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली असल्यास तेही, कारणासह, सांगावे लागते. भावाच्या नावे दुकान करणाऱ्याची वाट येथेच अडते. शेतकरी कुटुंबासाठी नमुना निराळा आहे, कारण शेतीच्या उत्पन्नाला पगारपत्रक नसते.

शपथपत्रास उत्तर चार आठवड्यांत द्यावयाचे. बुद्धिपुरस्सर टाळाटाळ करणाऱ्याचा बचाव न्यायालय रद्द करू शकते; खोटे लिहिणाऱ्यावर खोट्या शपथेबद्दल कारवाई होऊ शकते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही ठरले. याचे महत्त्व मोठे आहे. आदेशाच्या तारखेपासून पोटगी धरली, तर विलंब करणाऱ्याचा फायदा होई. आता प्रत्येक महिन्याची थकबाकी त्याच्याच डोक्यावर चढते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिंदु कायद्याप्रमाणे घटस्फोट झाला म्हणून पतीच्या मिळकतीचा अर्धा वाटा पत्नीला आपोआप मिळत नाही. २७ वे कलम केवळ विवाहप्रसंगी दोघांना मिळून भेट आलेल्या वस्तूंपुरते आहे. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने, विवाहापूर्वी निराळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते. तेथे प्रश्न निम्म्या वाट्याचा, येथे निर्वाहाचा. पण खरी यादी दोन्हीकडे अगोदर लागते.

आता व्यवहाराची गोष्ट. पासबुक, विवरणपत्र, सातबारा, विम्याचे कागद कोठे आहेत, हे घरातील दोघांनाही ठाऊक असावे. यात अविश्वास मुळीच नाही. आजारपणात वा वैधव्यात हीच माहिती उपयोगी पडते. पतीचा पगार किती हे कित्येक पत्नींना प्रथम न्यायालयातच कळते, ही आपल्या सुशिक्षित घरांना शोभणारी गोष्ट नव्हे. संसार चालू असताना जो हिशेब मोकळेपणाने सांगितला जातो, तो पुढे शपथेवर वदवून घेण्याची पाळी सहसा येत नाही.