कुत्र्याची खाज

बारामती-इंदापुराकडे वस्तीवरचें कुत्रें अंग खाजवूं लागलें, कीं त्यास लूत लागली असें ठरवून जळकें ऑइल चोपडण्याचा प्रघात आहे. परंतु प्रत्येक खाज ही लूत नव्हे.

खाज कोठें आहे, हें प्रथम पाहावें. कमरेवर व शेपटीच्या मुळाशीं केस गळत असतील, तर बहुधा पिसवांचें काम समजावें. पिसवेची लाळ ज्या कुत्र्यास सोसत नाहीं, त्यास चार-दोन दंशही पुरतात. म्हणून पिसू सांपडली नाहीं एवढ्यावरून ती नाहींच असें मानूं नये. पंजे, पोट व कान लाल होत असतील, तर धूळ, परागकण वा खाद्य यांचा संशय घ्यावा. इ. स. 1955 च्या सुमारास पुण्यास प्रथम आढळलेलें गाजरगवतही अंगास लागून दाह करूं शकतें. खरी लूत सूक्ष्म परजीवींमुळें होते; ती कानांच्या कडा व कोपरें धरते, आणि माणसासही खाज आणते.

जळकें ऑइल मात्र कधींच लावूं नये. कुत्रें अंग चाटतें, व तें विष पोटांत जातें. पिसवांचीं अंडीं अंगावरून गळून निजण्याच्या जागीं पडतात. तेव्हां गोणपाट कढत पाण्यांत धुवावें, जागा वरचेवर झाडावी, आणि औषध पशुवैद्यास विचारूनच द्यावें. कुत्र्याचें पर्मेथ्रिनयुक्त औषध घरच्या मांजरास लावूं नये. तें त्याच्या जिवावर बेततें.